नकाशात जागा सोड

दादर (पश्चिम),
नागपंचमी

चि. नातीस,


तू पाठवलेले फोटो तुझ्या आईने मोठे करून दाखवले. कागदाच्या लगद्याचा दिवा, खरबरीत अंगाचं मातीचं भांडं, परळच्या मंडळासाठी केलेलं सजावटीचं मॉडेल आणि शेवटी एका घराचे प्लॅन. प्लॅन जरा जास्त वेळ पाहिले, ती माझी खोडच आहे. पण आधी तुझ्या प्रश्नाचं बोलू. मुलाखतीला गेलीस तिथे कुणीतरी तुझी फाइल चाळून विचारलं, ‘तुम्ही नक्की करता काय? एक काहीतरी धरा.’ तेव्हापासून तुझ्या डोक्यात तो भुंगा शिरलाय.

मी काही आर्किटेक्ट नव्हे. फोर्टातल्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून टी-स्क्वेअरवर वाकलो तो निवृत्त होईपर्यंत. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, पुन्हा शाई भरायची, अमोनियाच्या वासात प्रिंट काढायची आणि ती गुंडाळी बगलेत मारून साइट गाठायची. साहेबांच्या डोक्यातलं गवंड्याच्या थापीपर्यंत पोचताना काय काय सांडतं, ते मी त्या वाटेवर पाहिलं. तेवढ्याच अधिकारावर लिहितोय.

ज्या भिंती ओलांडल्याबद्दल तुला हटकलं जातं, त्या काही फार जुन्या नाहीत. जे.जे. कलाशाळेचं आवार तुझ्या पायाखालचं. तिथली मूळ शाळा 1857ची. 1865 साली लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकाम शिकवायला आला. त्याच सुमारास तीन कार्यशाळा निघाल्या. ग्रिफिथ्सकडे सजावटीची चित्रकला, किपलिंगकडे मातीकाम आणि मूर्तिकाम, हिगिन्सकडे घडीव लोखंडाची नक्षी. 1891 साली तिथेच रे आर्ट वर्कशॉप्स सुरू होऊन हस्तकलांचं शिक्षण आलं. 1896 साली ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. म्हणजे आमच्या बिरादरीचं मूळही तिथलंच. वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम त्यानंतर आला. कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आणि उपयोजित कलेची संस्था अशा वेगळ्या पाट्या लागल्या त्या 1958 साली, माझ्या एस.एस.सी.च्या सुमारास. त्याआधी कित्येक वर्षं चित्रकार, मूर्तिकार आणि इमारतवाले एकाच शाळेची पोरं होती. तेव्हा पुन्हा कुणी विचारलं तर दबून जाऊ नकोस. तू नवं खूळ काढलेलं नाहीस, मोडलेलं घर पुन्हा मांडते आहेस.

त्या जुन्या घरातून काय निघालं ते तुझ्या रोजच्या वाटेवर आहे. क्रॉफर्ड मार्केट 1869चं, आराखडा विल्यम इमर्सनचा, आणि दारावरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं किपलिंगची. व्ही.टी.चं काम 1878 साली सुरू झालं. आराखडा स्टीव्हन्सचा, पण दगडावरची कितीतरी पानं, पक्षी आणि जनावरं या जे.जे.च्याच विद्यार्थ्यांनी कोरली. स्टेशनात शिरताना कधी घाई नसेल तर मान वर करून बघ. दगडातल्या पानांत आपल्याकडच्या रानाची ओळख पटते. विलायती इमारतीत हे शिरलं, कारण कुणीतरी नकाशात कोरीव कामासाठी जागा ठेवली आणि ती भरायला इथला हात होता.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पोरी. तू चित्र काढतेस, भांडी करतेस, घरं आखतेस, ते उत्तमच. पण चार गोष्टी एकटीने करता येणं ही हौस झाली. आपल्या आराखड्यात दुसऱ्याच्या हाताला जागा सोडता येणं, ही खरी कला. आणि ती जागा कुठे, किती सोडायची हे त्याचं काम थोडंफार स्वतः केल्याशिवाय कळत नाही. तुझा दिवा आणि तुझं भांडं मी या हिशेबात धरतो.

उदाहरण देतो. गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याची दुरुस्ती आमच्या ऑफिसकडे आली होती. कठड्याचे कातीव खांब कुजले होते, नवे करायचे होते. मी जुन्या खांबाचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग केलं, पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि कातारीकडे घेऊन गेलो. साहेबांनी जुन्यापेक्षा मान जरा नाजूक करायला सांगितली होती, दिसायला छान म्हणून. कातारीने फर्मा हातात घेतला, सागाच्या तुकड्यावर धरला, नखाने लाकडाची उभी शीर दाखवली आणि म्हणाला, ‘इथे मोडंल. दोन सूत वाढवा.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुला ठाऊक असेलच. पण ‘इथे मोडंल’ हे त्याला फर्मा बघून कळलं नव्हतं. पोरांनी कठड्याला लोंबकळून मोडलेले खांब त्याने आयुष्यभर बदलले होते. ड्रॉइंगमध्ये मान दोन सूत जाड झाली. साहेबांनाही पुढे तीच आवडली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. डिटेल काढताना दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. काय हलता कामा नये ते आधी. कठड्याची उंची, दोन खांबांमधलं अंतर, पायरीची रुंदी, कारण त्यावर माणसाचा जीव आहे. आणि काय करणाऱ्यावर सोडलं आहे ते नंतर. मानेची जाडी, गोलाईचा फुगवटा, सांध्याची तऱ्हा. तुझ्या घराच्या प्लॅनमध्ये मला हे दिसलं नाही. तिथे सुताराला स्क्रूच्या डोक्याचीही दिशा तू आखून दिली आहेस, आणि जिन्याच्या वळणावर मात्र पाय ठेवायला पुरेशी पायरी नाही. उलट हवं. वळणाची पायरी तू मोजून दे, स्क्रूचं तो बघेल.

आणि हात मळव. तुला साच्यातल्या फरशीचं वेड आहे, म्हणून सांगतो. 1922 साली सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग्ज काढली, कारखाना उरणला. विलायती फरशीला देशी उत्तर देण्याची ती ईर्षा होती. अशी फरशी कशी होते ते उभं राहून बघ. चौकोनी लोखंडी चौकटीत पत्र्याच्या कप्प्यांचा साचा बसवतात. एकेका कप्प्यात पळीने रंगीत सिमेंटचा पातळ राबडा ओततात, कप्प्याबाहेर थेंब न सांडता. मग साचा सरळ वर उचलतात. हात जरा हलला की नक्षीची कड फाटते. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवतात, ते वरचं पाणी शोषून घेतं. मग मागच्या बाजूचा थर घालून दाबयंत्राखाली ठेवतात. फरशीचं तोंड त्या वेळी खाली असतं, म्हणजे करणाऱ्याला आपलं काम दिसतं ते उलटवल्यावर. पुढे ती भट्टीत भाजत नाहीत, पाण्यात मुरवतात. हे एकदा बघितलंस की कागदावर केसासारखी बारीक रेघ काढताना तुझा हात आपोआप थांबेल, कारण तेवढा अरुंद कप्पा भरणार कसा, हा प्रश्न पडेल. गिरगावच्या आणि दादरच्या जुन्या घरांतल्या फरश्यांची नक्षी ठसठशीत का, ते त्या पळीत आहे.

आता लालबाग. मी तिथे वाढलो. तुझे पणजोबा गिरणीत फिटर. गिरण्यांची ती करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवतात, उत्तरेकडे काचा असलेली. थेट ऊन आत येऊ न देता दिवसभर सारखा उजेड मिळावा, सूत तुटलेलं डोळ्याला दिसावं, म्हणून ती रचना. चित्रकारही आपल्या खोलीसाठी हाच उत्तरेचा उजेड शोधतात. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि पुढे ती छपरं एकेक करून उतरली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. पण गिरणगावातलं हातांचं कसब नाहीसं झालं नाही, कारण गणपतीची मंडळं होती.

मंडपाच्या सजावटीला नाकं मुरडणारे आर्किटेक्ट मी पाहिलेत. त्यांना तू विचार, की पावसात उभं राहणारं, दहा दिवस अखंड गर्दी सोसणारं, आगीपासून जपावं लागणारं आणि विसर्जनानंतर झटपट उतरवायचं बांधकाम तुम्ही किती केलीत? गणेश गल्लीचं मंडळ 1928चं, देशातल्या देवळांच्या प्रतिकृतींसाठी नावाजलेलं. लालबागच्या राजाची स्थापना 1934ची, आणि त्याची मूर्ती घडवतं कांबळी कुटुंब. तिथे मुखदर्शनाची रांग वेगळी आणि नवसाची वेगळी. दोन रांगा एकमेकींना छेदू नयेत, म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायला वाट असावी, ढोलाचा आवाज आत घुमू नये. याला तुझ्या कॉलेजात प्लॅनिंग म्हणतात, लालबागेत ते कार्यकर्त्यांच्या अंगात असतं. नितीन चंद्रकांत देसाई ‘लगान’ आणि ‘देवदास’चे कलादिग्दर्शक, चार राष्ट्रीय पुरस्कारांचे धनी. त्यांनीही राजाच्या दरबाराची सजावट केली. त्यांना ते काम कमी दर्जाचं वाटलं नाही, मग तुला का वाटावं?

मूर्तीच्या कारखान्यात मात्र काही काळ नुसती बसून राहा. परळ-लालबागला सध्या ऐन हंगाम चालू आहे. शाडूची मूर्ती भरीव आणि जड, तडकायची भीती, म्हणून ती बेताच्या उंचीची. प्लास्टरमध्ये काथ्या भिजवून साच्याला आतून थर दिले की मूर्ती पोकळ, हलकी आणि हवी तेवढी उंच होते. गणपती उंच झाले त्याला चढाओढ कारण आहेच, पण त्या चढाओढीला वाट दिली काथ्याने आणि प्लास्टरने. पाण्यात ते विरघळत नाही म्हणून त्यावर कोर्टकचेरी झाली. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हाही असंच झालं. मखरवाल्यांची पंचाईत झाली आणि त्यातूनच पुठ्ठ्याची घडीची मखरं पुढे आली. वस्तू बदलली की रूप बदलतं, हे तुला पुस्तकात वाचायची गरज नाही. तुझा लगद्याचा दिवा त्याच वाटेवरचा आहे. तो मखरवाल्याला दाखव. ओलसर हवेत तो मऊ पडेल की नाही, हे तुला त्याच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.

लालबागच्या झगमगाटावर उतारा म्हणून दादरचं छबिलदास सांगतो. 1974पासून ‘आविष्कार’ने तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं उभी केली. धड रंगमंच नाही, पैसा नाही. दोन-चार लेव्हल्स, एखादी चौकट आणि प्रकाश. तेवढ्यावर घर, रस्ता, कोर्ट सगळं व्हायचं. थोडक्यात कसं भागवायचं ते तिथे शिकायला मिळे. मंडप भरायला शिकवतो, छबिलदासने काढून टाकायला शिकवलं. तुझ्या मॉडेलमध्ये अजून भरणंच जास्त आहे.

आता तुझ्या धंद्यातली तीन माणसं. नारी गांधी जे.जे.त शिकले, अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटकडे राहिले आणि परत येऊन त्यांनी घरं बांधली ती जवळजवळ ड्रॉइंगशिवाय, साइटवर कारागिरांबरोबर बसून. आमच्या ड्राफ्ट्समन मंडळींत त्यांचं नाव निघालं की हशा व्हायचा. सगळेच असे निघाले असते तर आमच्या चुली विझल्या असत्या! पण त्यांचं दगडकाम आणि विटांच्या कमानी बघितल्या की हसू थांबतं.

चार्ल्स कोरियांची रीत वेगळी. आराखडा पक्का, आणि त्यात कलावंताचा वाटा आधीच ठरलेला. पणजीच्या कला अकादमीत नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले. प्रयोग सुरू होण्याआधीच घर भरल्यासारखं वाटतं. ते चित्र त्या भिंतीवरून उतरवून दुसरीकडे टांगता येणार नाही. दादरचं पोर्तुगीज चर्चही कोरियांचंच. मूळ चर्च सोळाव्या शतकातलं, आजची इमारत 1970च्या दशकातली. गोखले रोडवरून जाताना ते काँक्रीटचे निमुळते घुमट दिसतात. त्यांच्यामधली अंगणं आत गेल्यावरच समजतात.

तिसरे बिजॉय जैन. त्यांच्या स्टुडिओ मुंबईत सुतार, गवंडी आणि आर्किटेक्ट एकत्र बसून पूर्ण आकाराचे नमुने करून बघतात. 2010 साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात त्यांनी आपली कार्यशाळाच मांडली, अवजारं आणि नमुन्यांसकट. पुढे सात रस्त्याजवळच्या जुन्या गोदामात त्यांनी राहण्या-कामाच्या जागा केल्या. एकाने कागद सोडला, दुसऱ्याने कागदात जागा राखली, तिसऱ्याने कागद आणि करवत एका टेबलावर आणली. तुझी रीत यातली कुठली, की चौथीच, ते तुझं तू ठरव. घाई नाही.

एक इशारा मात्र देतो. दिवा फसला तर टाकून देता येतो, जिना फसला तर माणूस पडतो. 1972च्या कायद्याने तुला नावाआधी ‘आर्किटेक्ट’ लावायचा हक्क मिळालाय, त्याबरोबर ही जबाबदारीही आली. ओळंबा, पाणसळ, गुण्या ही तीन अवजारं तुझ्या ब्रशच्या आधी. हे सांभाळून वरचा वेळ चाकावर आणि रंगात घाल. दुसरं, कारागीर ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत असेल तर समज की तो तुला पाहुणी समजतोय. ज्या दिवशी तो तोंडावर म्हणेल, ‘असं नाही होत, बाजूला व्हा,’ त्या दिवशी तुझं शिक्षण सुरू झालं. तिसरं पैशाचं. नमुना करायला लागलेल्या दिवसांची मजुरी त्याला वेगळी दे. ‘जमलं तर ऑर्डर देऊ’ म्हणून फुकट नमुने करून घेणारे या शहरात पैशाला पासरी आहेत. तू त्यातली होऊ नकोस.

मुलाखतीत काय सांगायचं विचारतेस ना? सांग, ‘मी आर्किटेक्ट आहे. वस्तू हाताने कशी बनते ते शिकते आणि मग रेघ मारते.’ यावर कुणी हसलं तर ते ऑफिस तुझं नव्हे.

आता शेवटचं, आणि हे माझ्या खुर्चीवरून. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. कामाचं नाव, स्केल, तारीख, आणि ‘ड्रॉन बाय’, ‘चेक्ड बाय’चे दोन चौकोन. पहिल्यात माझी आद्याक्षरं जायची, दुसऱ्यात साहेबांची. त्या कातारीचं नाव कुठेच गेलं नाही, कारण त्यासाठी चौकोनच नव्हता. व्ही.टी.चंही तेच झालं. स्टीव्हन्सचं नाव जगाला माहीत, कोरणाऱ्या पोरांची नावं इमारत बघून कळत नाहीत. अपवाद बघायचा तर महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची 1936ची इमारत बघ. आर्किटेक्ट मास्टर, साठे आणि भुता. दर्शनी भागावर कष्टकरी बायका-माणसांची उठावशिल्पं, ती ना. ग. पानसऱ्यांची. इमारतीची गोष्ट निघाली की दोन्ही नावं बरोबर निघतात. शिल्पं भिंतीत अशी मुरली आहेत की काढायला गेलं तर भिंतच लंगडी पडेल.

तेव्हा तुझ्या ड्रॉइंगवर तिसरा चौकोन आख. ‘घडवणार’ लिही, किंवा तुला सुचेल ते. सुतार, गवंडी, कातारी, मूर्तिकार, फरशीवाला, ज्याचं काम त्याचं नाव. नुसतं ‘मिस्त्री’ किंवा ‘मामा’ लिहून भागवायचं नाही. पूर्ण नाव विचार, त्याच्याकडूनच लिहून घे आणि छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखव. चौकोन रिकामा राहिला तर ते ड्रॉइंग अजून साइटवर न्यायच्या लायकीचं झालेलं नाही असं समज.

पुढची प्रिंट मला कागदावर पाठव, फोनवर नको.

तुझा,
आजोबा